साथ घेऊन येतो

नांदुऱ्याला एकदा मी साथ घेऊन गेलो होतो. मोटारीनं, दोघांचं तिकीट काढून.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नुकताच पुण्याहून शिकून मोताळ्याच्या शाळेत मास्तर झालो होतो. पुण्यात लोक माझ्या ‘मले-तुले’ला हसले, म्हणून मी इरेला पेटून अशी शुद्ध भाषा उचलली, की आई म्हणायची, “तू बोल्ला का मले वाटते रेडिओ लागला!” (रेडिओ आमच्याकडे नव्हता. तिनं तो शेजारच्या गल्लीत ऐकला होता.)

नांदुऱ्याच्या किसनरावांची शांता मी पाहून आलो होतो. पाहून आल्यापासून वर्गात माझेच पाढे चुकायला लागले होते! पण किसनराव भाजीच्या मळ्याइतकेच भजनाचे वेडे. त्यांनी निरोप धाडला, “पोरगा मास्तर हाये, चांगलंच हाये. पन थो गाते असं आयकलं. गानं आयकल्याबिगर मी हाव म्हनत नाही.”

आता, मी गातो हे खरं. पण तबला जोरात वाजत असेल तरच माझं गाणं बरं वाटतं. म्हणून आमच्या तबलजी नामदेवला बरोबर न्यायचं ठरलं. किसनरावांच्या ओळखीचे महादेवभाऊ वांगी घेऊन नांदुऱ्याच्या बाजाराला निघाले होते. त्यांना मी चौकात गाठलं.

“किसनरावांना सांगा, मी रविवारी येतोय. आणि येताना साथ घेऊन येतो.”

महादेवभाऊंच्या डोक्यावरची टोपली डुगडुगली. “साथ? आपल्या मोताळ्यात साथ हाये?”

“म्हणजे काय! पंचक्रोशीत अशी साथ नाही!”

“अरे देवा! मंग लोकाइचं कसं?”

“लोक नुसते डोलतात हो! बसलेला माणूस उठत नाही!”

“अन् थे तुमी नांदुऱ्याले नेऊन राह्यले? काऊन?”

“तिच्याशिवाय मी कुठे जातच नाही.”

महादेवभाऊ दोन पावलं मागे सरले. मला वाटलं, आदरानं!

रविवारी आम्ही पोचलो. दाराला आंब्याच्या पानांऐवजी कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. मला मोठं कुतूहल वाटलं. उंबऱ्याबाहेर चुन्याचा जाड पट्टा ओढला होता. (रांगोळीची ही पद्धत माझ्या पाहण्यात नव्हती. मी नामदेवला कौतुकानं दाखवलीसुद्धा.) किसनराव ओसरीच्या पार टोकाला, तोंडावर उपरणं धरून उभे.

“पाय धुवा, गुरुजी. हातबी धुवा. तोंडबी धुवा. अजून एक डाव धुवा!”

किती हा पाहुणचार! मी चौथ्यांदा पाय धुतले.

“अन् साथ?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“ही काय, मागून येतेय!”

मागून नामदेव आला. काडीसारखा माणूस, डोक्यावर तबल्याचं गाठोडं, आणि रस्त्याच्या धुळीनं खो खो खोकत! अंगणातली माणसं बघता बघता पांगली. एक म्हातारबुवा तर कुंपणावरून गेले!

तेवढ्यात एक खाकी कपड्यांतला गृहस्थ सुई घेऊन पुढे आला. “बाही वर करा.”

दाराआडून शांता बघत होती. मी ‘का’ म्हणूनही विचारलं नाही, बाही वर केली आणि हसत टोचून घेतलं. नामदेव हसला नाही. त्याला चौघांनी धरावं लागलं.

जेवायला आमची पानं गोठ्याच्या बाजूला मांडली. किसनरावांनी लांबूनच विचारलं, “गुरुजी, किती दगावले?”

“कशानं?”

“साथीनं!”

“छे छे! हा फार सांभाळून वाजवतो!”

किसनरावांनी उपरणं आणखी घट्ट धरलं. मग दाराआडून हसू फुटलं. “बाबा, हैज्याची नाही! थे तबल्याची साथ म्हनून राह्यले!”

किसनरावांचं उपरणं गळून पडलं. “मंग तबल्याले तबला म्हना नं! आठ दिस झाले, आमी उकळून पानी पेऊन राह्यलो! पाव्हन्याले येऊ नका म्हनता येत नाही म्हून टोचनाऱ्याले बलावलं!”

(मला या शब्दाचं आजही नवल वाटतं. गाण्याला साथ, संसाराला साथ आणि पटकीचीही साथ! ज्यानं कोणी ठेवला त्याला बहुधा एवढंच म्हणायचं असावं, की एकाला धरलं की दुसऱ्यालाही सोडत नाही.)

पण खरं संकट पुढेच होतं. संध्याकाळी भजनाला निम्मी आळी जमली आणि नामदेवचा उजवा हात उचलेना! दंड वांग्यासारखा सुजलेला. मलाही थंडी वाजून ताप भरला होता. बिनतबल्याचा मी म्हणजे काय, हे फक्त मला आणि नामदेवला ठाऊक. शांता गेली हातची, असं समजून मी डोळे मिटले आणि सूर लावला. दात वाजत होते, आवाज लटलट कापत होता.

“वा!” किसनराव ओरडले. “काय कंप हाये आवाजात! हाव! पोरगी देली!”

लग्न झालं. दिवाळसणाला सासऱ्यांनी पुन्हा गायला बसवलं. मी ठणठणीत होतो, नामदेवही जोरात वाजवत होता. दोन ओळी ऐकून सासरे शांताच्या कानात म्हणाले, “टोचनाऱ्याले बलावू का वं?”

घरी परतल्यावर मी हिरमुसून बायकोला म्हणालो, “त्या दिवशी तो ताप होता, कंप नव्हे. तुम्ही सगळे फसलात.”

“बाबा फसले,” ती म्हणाली. “मले तवाच समजलं होतं.”

मी हरखलो! “तरी बोलली नाहीस? म्हणजे माझं गाणं तुला खरंच आवडलं होतं?”

“गानं कायचं आवडते! टोचनाऱ्यानं सांगतल्याबरोबर तुमी काही न इचारता बाही वर केली. म्या म्हटलं, हा मानूस सांगतलेलं आयकते.”

तिचा अंदाज चुकला, असं म्हणायची मला अजून परवानगी मिळालेली नाही.