सावडीने लावलेलं मैदान

मधुकर वैद्य सरांची आणि माझी पहिली भेट अंबरनाथच्या नाक्यावर झाली. सकाळी कामाची वाट बघत आम्ही बायका तिथे बसायचो. मी मोरिवलीची, आमच्या टोळीची मुकादम. लोक यायचे आणि विचारायचे, खडी उचलणार का, स्लॅबला येणार का. सर सायकलवरून उतरले आणि त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला आवणी येते का?"

मी म्हटलं, "भाताची रोपं लावता येत नाहीत अशी बाई आमच्याकडे जन्मत नाही. पण चैत्रात कुणाच्या घरची आवणी?"

"भात नाही, गवत लावायचंय. फुटबॉलच्या मैदानावर."

माझ्या शेजारी ठमीबाई बसली होती. ती वांगणीकडच्या डोंगरातल्या वाडीची. ती मोठ्याने हसली. "मास्तर, गवत लावाया लागतं व्हय? आमच्या शेतात या, फुकट न्या!"

"येतो की," सर म्हणाले. आणि खरंच गेले.

सर शाळेत कवायत शिकवायचे आणि संध्याकाळी कारखान्यांतल्या पोरांना फुटबॉल. मैदानाला स्टेडियम म्हणायचे, कारण एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. खाली नुसता मुरूम. पोरगा पडला की गुडघ्याची साल निघालीच. मैदानाचा कारभार बघणाऱ्या समितीला त्याचं काही नव्हतं. मैदान रिकामं पडतंय, तर लालूशेठना देऊन टाकू, असं चाललं होतं. लालूशेठ म्हणजे उल्हासनगरचे मंडपवाले. लग्नं, प्रदर्शनं, सगळं त्यांच्याकडे. तेव्हा सरांनी भर बैठकीत शब्द दिला, "दिवाळीपर्यंत मैदानावर गवत धरलं नाही, तर खुशाल मंडपाला द्या. मी परत तोंड उघडणार नाही." फुटबॉल शिकवण्याशिवाय त्या माणसाला दुसरा शौक नव्हता. मैदान गेलं असतं तर त्यांच्याकडे काय उरलं असतं, ते मला तेव्हाही कळत होतं.

गवत म्हणजे हरळी. गणपतीला आपण वाहतो ती, आणि शेतात जिला शिव्या घालतो तीसुद्धा. आमचा जन्म हरळी उपटून बांधावर फेकण्यात गेला. सर ती पोत्यात भरून टेम्पोने आणायला लागले, तेव्हा वाडीतले लोक बघायला जमले. पहिल्या दिवशी तर ठमीबाईने सवयीने, पुढची बाई लावत होती ती हरळी मागून उपटून कडेला फेकली. सगळ्या बायका हसून हसून खाली बसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "ठमीबाई, आता तुम्ही पुढे लावा, म्हणजे मागे उपटायला कुणी नसेल."

पण ते पुढचं. त्याआधी दोन महिने माती खणली. दगड वेचले, पाण्याला वाट म्हणून खाली खडी घातली, वर रेती, वर लाल माती आणि शेणखत. मैदान मधे जरा उंच, कडेला उतरतं. उन्हाचा कहर होता. बायकांच्या सोबत तान्ही पोरं. एके दिवशी सरांनी पायऱ्यांखालची खेळाडूंची खोली उघडली. तिथे नळ होता, पंखा होता, संडास होता. "ही आजपासून बायकांची," म्हणाले. खेळाडूंनी तोंडं पाडली.

"सर, मग आम्ही कपडे कुठे बदलायचे?"

"झाडामागे. इतके दिवस बायका कुठे जात होत्या, ते विचारलंत का कधी?"

मी बऱ्याच साहेबांकडे कामं केली. बायकांना संडास लागतो, हे न सांगता कळलेला पुरुष मी तोवर बघितला नव्हता. दुसरं कुठलं मोठेपण मला लिहिता येणार नाही. हे एक मी नीट बघितलंय.

पाऊस धरला तशी आम्ही लावणी सुरू केली. दोरी बांधायची, टीचभर अंतर सोडायचं, हरळीची काडी गाठीपाशी तिरपी दाबायची आणि मागे सरकायचं. अर्धं मैदान झालं आणि आषाढ आला. बायका उठून घरी गेल्या. जाणारच. शेतात रोप तयार झालं की ते कुणासाठी थांबत नाही. सरांनी नाक्यावरची दुसरी माणसं आणली. त्यांनी काड्या उदबत्त्यांसारख्या उभ्या खोचल्या. एका सरीत सगळ्या वाहून गटारात. इकडे पोत्यांतली हरळी गरम होऊन कुजायला लागली.

सर मला घेऊन वाडीवर आले. ठमीबाई गुडघाभर चिखलात होती. तिने मान वर केली नाही.

"मास्तर, तुमचं गवत माझी पोरं खातील का?"

"नाही खाणार."

"मग घरी जा. भात लावला की येते."

"तोवर हरळी मरेल, ठमीबाई."

"मरू दे. ती मरत नसते, आम्हाला विचारा!"

सर बांधावर तसेच उभे राहिले. मला ते बघवेना. मीच ओरडले, "अहो, नुसते उभे काय राहता? सावड करा!"

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या. आमच्याकडे आवणी अशीच उरकते. सरांना एवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा फुटबॉलचा संघ चड्ड्या घालून वाडीवर हजर. सर पुढे, धोतरासारखी लुंगी खोचून.

ठमीबाईने त्यांना एक खाचर दिलं आणि आम्ही पलीकडच्या खाचरात गेलो. दुपारी येऊन बघतो तर काय! पोरांनी दोरी बांधली होती. मैदानावर आम्हाला बघितलं होतं ना, तशीच. टीचभर अंतरावर एकेक काडी, तिरपी दाबलेली. रेघ कशी, सुतात. सर कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होते.

ठमीबाईने कपाळावर हात मारला. "अरे माझ्या बाबांनो! भात चूड-चूड लावायचा असतो, तीन-चार रोपं एकत्र! यातनं तुमचा चेंडू जाईल, पीक नाय यायचं!"

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक माझी. मीच असं लावा म्हणून सांगितलं. उपटा रे सगळं." एकाने कुरकुर केली, तर त्याला म्हणाले, "हे तिचं वर्षभराचं जेवण आहे." अंधार पडेपर्यंत पुन्हा लावलं, या खेपेला ठमीबाईच्या शिव्या खात, तिच्या हाताखाली. सरांची एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच.

सगळ्या बायकांची शेतं अशी आटपली. आणि मग वाडीतून आम्ही निघालो ते निम्म्या नाही, दुप्पट बायका. ठमीबाईने सासू आणली, नणंदा आणल्या. पाऊस डोक्यावर, इरली घेतलेली, आणि उरलेलं मैदान आम्ही हां हां म्हणता लावून टाकलं.

दिवाळीला समिती बघायला आली. लालूशेठही आले. मैदान हिरवंगार, रोलर फिरवलेलं. लालूशेठ चांगले माणूस, पण धंदा तो धंदा. म्हणाले, "सर, बस एक शादी. भतीजी की है. घास को क्या होगा?"

सर म्हणाले, "शेठ, तुमच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर मला बांबू रोवू द्या, मग बोलू."

लालूशेठ खाली वाकले, हाताने गवत ओढून बघितलं. निघेना. "पक्का है," म्हणाले आणि भतीजीचं लग्न बदलापूरला लावलं. अध्यक्षांनी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, मैदान खेळालाच राहील. सरांनी चष्मा काढून पुसला. मग आम्हा बायकांना म्हणाले, "चला, मैदानावर बसून जेवा." आम्ही भाकऱ्या सोडल्या आणि गोलाच्या खांबापाशी बसून जेवलो. तोवर कुणी तिथे खेळलंही नव्हतं.

सरांचं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. सर हट्टी आहेत. एकच गोष्ट तीनदा सांगतात. चहा दुसऱ्याचा पितात. आणि इतकी वर्षं आमच्यात राहून त्यांना आजही काडी नीट दाबता येत नाही. पण चूक झाली की चूक माझी म्हणतात, तेही पोरांसमोर. एवढं मला पुरे आहे.

आता सर साठीचे झाले. शाळा सुटली. मैदानही थकलंय, गोलापुढची माती उघडी पडलीय. यंदा सगळं उकरून नवी हरळी लावायचं ठरलंय. समितीने मागच्या महिन्यात सरांना विचारलं, तुम्ही आता आराम करणार ना? सर म्हणाले, "आराम कसला? आवणीच्या आधी बायका गाठायला पाहिजेत." आणि माझ्या दारात येऊन बसले.

साठी झाली की लोक शंभर वर्षं जगा म्हणतात. तशी लांबची गोष्ट मला कळत नाही. सर, गवत दहा-बारा वर्षं टिकतं, मग बदलावं लागतं. हे लावू. हे जुनं झालं की आणखी एकदा लावू. तोवर गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा. आणि उद्या सकाळी लवकर या, ठमीबाई वाट बघत थांबणारी बाई नाही.