करंजेल मिसळलेलं घासलेट

कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या मालकांची भाताची गिरणी होती. त्यांनी हौसेनं तेलावरचं इंजिन आणलं आणि ते चालवायला मिस्त्री म्हणून आमच्या ह्यांना ठेवलं. आधी झोताच्या दिव्यानं इंजिनाचं डोकं लालभडक तापवायचं, मग घासलेट सोडायचं. फटफट सुरू झाली की ह्यांचा चेहरा असा खुलायचा, की मला त्या लोखंडाचा सवतीसारखा राग यायचा.

घासलेट आणायचं काम मालकांच्या मेव्हण्याकडे. सगळे त्याला मामा म्हणत. दिवाळी उलटली, भात झोडून झालं आणि इंजिन रोज बंद पडायला लागलं. काळा धूर, आत डिंकासारखा चिकट थर. हे रोज खरवडत आणि रोज सांगत, "मामा, तेलात खोट हाय."

एका दुपारी कोंडाणे गावच्या भाताच्या बैलगाड्या रांगेत उभ्या असताना इंजिन आचके देत थांबलं. मामा सगळ्यांदेखत ओरडला, "तेलात नाय, ह्याच्यात खोट हाय! ताडी ढोसून येतो हा!"

ताडीच्या झाडाखालून जाताना नाक दाबणारा माणूस माझा! पण मालकांनी मेव्हण्याचं ऐकलं आणि ह्यांना घरी बसवलं. हे भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. जेवलेसुद्धा नाहीत.

मी ह्यांची बंडी धुवायला घेतली आणि हात थांबला. बंडीला करंजेलाचा वास. लहानपणी आई खरजेवर चोळायची ते करंजाच्या बियांचं तेल; तो कडू वास मी झोपेतही ओळखीन. मेल्या मामानं चांगलं घासलेट परस्पर विकून डब्यात करंजेल ओतलं होतं!

"कुणाला सांगशील गं?" हे म्हणाले. "मी दारुडा ना आता."

मला सांगायचं नव्हतंच. मला त्याला रडवायचं होतं.

मालकांच्या घरी कंदिलाच्या काचा पुसून तेल भरायचं काम माझं. चार दिवसांनी खालापूरची माणसं मामाला मुलगी द्यायला यायची होती. गिरणी घरामागेच. त्या दिवशी तिथला डबा आणून मी पाचही कंदील काठोकाठ भरले. खोटं कशाला सांगू, भरताना मी गुणगुणत होते.

तिन्हीसांजेला कंदील लागले. घटकाभरात वाती चरचरल्या, काचा काळ्या पडल्या आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या पागोट्यांवर काजळी उतरायला लागली. मुलीचा बाप खोकून खोकून बेजार. मालक गरजले, "कंदील कुणी भरले?"

"मी," दारातून म्हटलं. "गिरणीतलं तेल हाय, मामांनी आणलेलं. इंजिनाला चालतं, मग तुमाला का नाय चालत?"

मालकांनी कंदिलात बोट बुडवून नाकाशी नेलं. करंजेल काय असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मामाचं तोंड पांढरंफटक. पाहुणे पान न खाताच उठले.

"उद्यापासून मिस्त्रीला पाठव," मालक मला म्हणाले.

"नाय पाठवणार. जिथं दारुडा म्हटलं तिथंच, त्याच गाड्यांसमोर मामांनी शब्द मागं घ्यायचा."

गिरणीत भाताची थप्पी लागली होती आणि इंजिनाला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. मालक कबूल झाले.

आठवड्यानं कोंडाण्याच्या गाड्या परत आल्या. मामा मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय आलं रं!" मी ओरडले. मालकांच्या मेव्हण्याला 'रं'! गाडीवाले खदाखदा हसले. तो पुन्हा बोलला.

"मागच्या गाडीला नाय ऐकू आलं!"

तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मिस्त्री प्यायला नव्हता! तेल मीच बिघडवलं!"

"पुरं गं, पुरं आता," हे खालच्या आवाजात म्हणाले. त्यांनी त्याला तिथंच माफ केलं.

मी नाही केलं. आज हे आणि मामा दोघंही या जगात नाहीत, तरी नाही.