चार बोटं खाली

रांजणगावच्या एका गाड्यांच्या कंपनीत मी पेंट शॉपला होतो. दरवाजांवर रंग मारण्यापलीकडं गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण घरात जाणकार मीच. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत थोरल्या भावानं जुनी चारचाकी घेतली, तेव्हा तिला बॉडी किट, म्हणजे बाहेरून लावायचे शोभेचे पट्टे, निवडायचं काम माझ्याकडं आलं.

किट हवं होतं ते वहिनींसाठी. लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांना दिवस गेले होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून पहिल्या बाळंतपणाला त्यांना दौंडला माहेरी पोचवायचं होतं. तिथल्या लोकांची कुजबुज भावानं इतकी वर्षं मुकाट ऐकलेली. तो म्हणाला, "गाडी बघाय सारी आळी भाईर आली पायजे."

शिरूरच्या दुकानात दोन किटं होती. एक साधं, बंपरला चिकटून बसणारं. दुसऱ्याचा पुढचा फायबरचा पट्टा चार बोटं खाली यायचा, बाजूचेही तसेच. मी त्यालाच हात लावला.

"भाऊ, रस्ता कसा हाय तुमच्याकडं?" दुकानदारानं विचारलं. "खराब असंल तर ह्ये घिऊ नगा."

"डांबरी हाय. पार दारापर्यंत."

आमची वस्ती कवठे येमाईच्या पुढं, ओढ्यापलीकडं. ओढ्यावर पाण्यालगतची काँक्रीटची फरशी, तिची दोन्ही तोंडं खचलेली. त्या चकाचक दुकानात आडवस्तीचा म्हणून ओळखलं जायची मला लाज वाटली. एवढंच कारण.

किट बसवून रिकामी गाडी मीच घरी आणली. फरशीवर तिरकी घालून कशीबशी पार केली, तरी खालून घासल्याचा आवाज आला. घरी बोललो नाही. भाऊ गाडीभोवती फिरत होता, हसत होता, माझ्या पाठीवर थाप मारत होता. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भाऊ चालवत होता, मी शेजारी, मागं आई, वहिनी आणि शिदोरीचे डबे. फरशीवर चढताना पट्टा अडकला. गाडी ना पुढं जाईना ना मागं.

"तुमी दोघी जरा उतरा," भाऊ म्हणाला. "गाडी हलकी हुईल."

पट्टा इथं अडकणार, हे त्या गाडीत फक्त मला आधीपासून ठाऊक होतं. मी खाली वाकून बघायचं सोंग करत राहिलो. फरशीवरून बोटभर पाणी वाहत होतं आणि त्याखाली शेवाळ होतं. वहिनी उतरल्या, दुसऱ्याच पावलाला घसरल्या आणि कठड्याच्या दगडावर पडल्या. भावानं आणि मी तो पट्टा हातांनी ओढून तोडला, तेव्हा गाडी निघाली. शिरूरच्या दवाखान्यात पोचलो, पण बाळ राहिलं नाही. मुलगी होती. पुढं वहिनींना पुन्हा दिवस गेले नाहीत.

"म्याच तिला उतर म्हणालो," असं भाऊ तेव्हापासून सांगत आला. आईला सांगितलं, सासऱ्यांना हात जोडून सांगितलं. अशा प्रत्येक वेळी मी जवळपास होतो आणि एकदाही मधे बोललो नाही.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. वहिनी भावाला ताट वाढतात आणि एक शब्द न बोलता आत जातात. मी जेवायला बसलो, की शेजारी बसून गरम भाकरी वाढतात, आग्रह करतात.