मस्कतला ऐकू गेलेलं कुर्रर्र

आधीच सांगून ठेवते — मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी बाई नाही. या सदरात लोक चकवा, खवीस वगैरे लिहितात, ते मी चहा पिता पिता वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेते. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे खोड लागलीय. शिवाय आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच अंगारे-धुपारे घरातून गेले, आणि बाबा तर असे की कुणी भुताची गोष्ट काढली की "पुरावा दाखव" म्हणून मोकळे व्हायचे. त्या माणसाची मी मुलगी. तर तुम्हीही खुशाल पुरावा मागा. माझ्याकडे नाही.

संगमेश्वरपासून थोडं आत, नदीकाठी आमचं गाव. घरात मी, माझे मिस्टर आणि माझी आई. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. धाकटा भाऊ सुबोध मस्कतला नोकरी करतो, त्याची बायको प्रज्ञा लातूरकडची. लग्नाला किती वर्षं झाली, किती डॉक्टर झाले... सगळ्यांनी आशा सोडली आणि गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. बातमी ऐकून आई ओटीवर बसून रडली, आणि मग डोळे पुसून आख्ख्या वाडीत साखर वाटून आली.

मग बारसं आलं. आमच्यात मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील होतं, पण बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच. आणि त्या बाळाला आत्या मी एकटी. सहामाही परीक्षा तोंडावर, आईला एकटं सोडता येत नाही, म्हणून मस्कतला जाणं शक्य नव्हतं. ठरलं की व्हिडिओ कॉलवर करायचं.

आता मोबाईलचं म्हणाल तर आमच्या घरात रेंज नाही. रस्त्याच्या वळणावर जावं लागतं, आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. तिच्या डोळ्यांना मोबाईलमध्ये बाळ म्हणजे नुसता गुलाबी ठिपका दिसतो, ते वेगळंच. राउटरचं वायफाय पावसात वीज पडली तेव्हा गेलं ते गेलंच, नेटची वायर तेवढी कॉम्प्युटरपर्यंत येते. म्हणजे सगळी मदार मिस्टरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. टेबलाखाली हा एवढा डबा, वर आईनं विणलेलं कव्हर. तो सुरू व्हायचा हो, पण कॉलचं ॲप उघडलं की म्हणायचा, तुमची सिस्टिम फार जुनी आहे.

"नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो," मिस्टर म्हणाले. "जुन्या मशीनसाठी हलकी मिळते, तीही फुकट."

हे गृहस्थ बल्ब बदलायचा तर मेन स्विच बंद करून मला टॉर्च धरायला लावतात. मी काय बोलणार... त्यांनी वळणावर उभं राहून व्हिडिओ बघितले, कागदावर चित्रं काढून आणली, पेनड्राइव्ह तयार केला. पहिल्यांदा नुसतीच काळी स्क्रीन. दुसऱ्यांदाही तेच. मी वळणावर जाऊन सुबोधला सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, नाही जमलं तर टेन्शन घेऊ नको. प्रज्ञाची मैत्रीण आहे ना बिल्डिंगमधली, ती आत्या म्हणून उभी राहील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मैत्रीण? या पोरीची वाट मी देवाधर्माला न मानता इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितली, आणि कानात नाव सांगणार कोण तर बिल्डिंगमधली बाई. "खबरदार," म्हटलं, "मी स्क्रीनवर येईपर्यंत पाळण्याला कुणी हात लावायचा नाही." आणि मग रस्त्यावर एकटीच रडले. खरं सांगते, इतकं वाईट मला बदली झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी सकाळी मिस्टर पुन्हा बसले. या खेपेला निळी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर येऊन थांबली. आई पाटावर बसून बघत होती.

"काय गो, अडली काय?" तिनं विचारलं.

"अडली," मिस्टर म्हणाले.

"मग गप बसा जरा. बघत बसलं की अडतंच."

आम्ही तिघं खरंच उठून चहा प्यायला गेलो. परत येतो तर नवी कोरी स्क्रीन, त्यावर डोंगराचं चित्र. मिस्टर लहान मुलासारखे हसत सुटले. वेबकॅम लागला, कॉल लागला, आणि पडद्यावर परातीएवढं तोंड आलं — आमची पोरगी. आई पडद्याला नाक लावून बघत राहिली. "सुबोधचंच नाक," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यांचा आवाज स्पीकरवर छान येत होता. पण आमचा तिकडे जाईना. "ताई, ऐकू येत नाहीये," सुबोध सारखा म्हणत होता. आमचा वेबकॅम बिनमाईकचा, माईक काय तो जुन्या हेडफोनच्या दांडीला. मिस्टरांनी सेटिंगमध्ये जाऊन सगळी बटणं दाबून पाहिली. तिकडे पाहुणे जमलेले, पंचशील झालेलं, बाळ भुकेनं किरकिर करायला लागलेलं. ती मैत्रीण जरीची साडी नेसून पाळण्याशेजारी उभी... मला दिसत होती.

"ताई, कागदावर नाव लिहून दाखव," सुबोध म्हणाला. "मग इथं सांगू आम्ही."

मी मान हलवली. नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मिस्टरांना नाही, आईला नाही. ते आधी बाळाच्या कानात जाणार, मग जगाला. मी प्रज्ञाला खूण केली, बाळाचा कान लॅपटॉपजवळ आण. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पण तिनं आणला. मी हेडफोनचा माईक ओठांशी धरला, बारसं बघायला भोवती दाटीनं जमलेल्या वाडीतल्या बायकांना ओठ दिसू नयेत म्हणून पदर तोंडावर घेतला, आणि म्हटलं — कुर्रर्र. आणि नाव सांगितलं. मागून बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मला हसूच फुटलं.

तिकडे बाळाची किरकिर थांबली. प्रज्ञा सरळ उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "सोनवी."

सोनवी म्हणजे आमची नदी. सुबोध तिच्यात पोहायला शिकला, मीच शिकवलं. पण घरात आम्ही सगळे तिला नुसतं 'नदी' म्हणतो, त्यामुळे लातूरच्या प्रज्ञानं ते नाव उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. टाळ्या झाल्या, पेढे झाले, आई पाळणा म्हणत राहिली; तिकडे तो कुणाला ऐकूच जात नव्हता, हे नंतर कळलं. आम्हाला वाटलं, आला आवाज, बसलं काहीतरी ठिकाणावर.

कॉल संपल्यावर मिस्टर वायरी गुंडाळायला टेबलामागे गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग हेडफोनची वायर हातात घेऊन आले. उंदरानं मधोमध कुरतडून तोडलेली. एक तुकडा कॉम्प्युटरला, दुसरा माझ्या हातातल्या हेडफोनला. सेटिंग उघडून बघितलं तर लिहिलेलं, माईक सापडला नाही. दोन्ही मोबाईल मिस्टरांनी स्वतः बंद करून कपाटात ठेवलेले होते.

मी धावत वळणावर गेले, प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, त्याआधी काही नाही आणि त्यानंतर काही नाही. तेवढंच ऐकू आलं. हळू, पण स्वच्छ. आणि शेवटी तुम्ही हसलात ना, तेही." ओठांवरून ओळखलं म्हणावं तर तोंडावर पदर. सुबोधनं सांगितलं असेल म्हणावं तर त्यालाच माहीत नव्हतं. तो शेजारीच होता, त्याला अक्षरही ऐकू आलं नाही.

मिस्टर अजून नव्या सिस्टिमच्या बाजूचे आहेत, तिच्यात काहीतरी सोय असणार म्हणतात. आईला यात नवल असं वाटलंच नाही. "लहानपणी तू हाक मारलीस की नदीपल्याड ढोरं वळायची," ती म्हणाली. "मस्कत ता कितीसा लांब?"

मे महिन्यात ते तिघं आले. सोनवी नवीन माणसाला बघितलं की भोकाड पसरायची. आईकडे रडली, मिस्टरांकडे रडली, वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांकडे रडली. सुबोधनं तिला माझ्याकडे दिलं तेव्हा मीही तयारीत होते. "काय गं," एवढंच म्हटलं मी. ती गप्प झाली. माझ्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि तिचा तो इवलासा कान माझ्या ओठांवर आणून टेकवला. वाट बघत राहिली.

मी पदर घेतला नाही, कुणापासून लपवलं नाही. सगळ्यांसमोर तिच्या कानात पुन्हा एकदा तिचं नाव सांगितलं.