ओढ्यावर आलेली बाई

औंढ्याच्या डोंगरातून येणारा ओढा आमच्या हळदीच्या वावराला लागून वाहतो. गेल्या पावसाळ्यात एक अनोळखी बाई रोज सकाळी तिथं यायला लागली. पायात गमबूट, गळ्यात कॅमेरा. दगडांपाशी वाकून बघत बसायची.

"मोजणीवाली दिसती," माझे सासरे म्हणाले. "खाणीसाठी दगड पाहून राहिली."

मलाही तसंच वाटलं. शेजारच्या शिवारात खाण सुरू झाली, त्याआधी असेच लोक येऊन दगड बघून गेले होते.

शेवटी मामा, म्हणजे माझे सासरे, आणि मी तिच्यापुढं जाऊन उभे राहिलो.

"काय हुडकून राहिल्या, बाई?" मामांनी विचारलं.

"बेडूक."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "कोन्त्या हापिसातून आल्या?"

"कुठल्याच नाही. कॉलेजात शिकवते. सुट्टी काढून आलेय."

तिनं आम्हाला जवळ बोलावलं. उभ्या कातळावरून पाणी झिरपत होतं. आधी काहीच दिसेना. मग तिनं बोट दाखवलं तिथं शेवाळ हललं. बेडकाची पिल्लं होती ती, लांब शेपटीची. पण पाण्यात नव्हती. ओल्या दगडाला पोटानं चिकटून सरकत होती. बाजूला दगडाच्याच रंगाचा, अंगठ्याएवढा बेडूक बसला होता.

"असे बेडूक सह्याद्रीत असतात," ती म्हणाली. "इथं कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही. मलाही अजून खात्री नाही."

"औषधाला लागतो का?"

"नाही."

"मग इकतेत?"

"नाही, मामा. नुसतं बघायचं."

मामांना हे काही पटलं नाही. निघताना ती म्हणाली, "ही जागा कुणाला सांगू नका. लोक येऊन दगड उलटेपालटे करतील."

"सांगू नका म्हन्ती, म्हंजे भानगड हायच," मामा परतताना पुटपुटले.

दिवाळीनंतर ओढा आटला आणि ती यायची थांबली. मोजणी झाली नाही, खाणही आली नाही. तरी रस्त्यावर जीप थांबली की माझं लक्ष जायचं.

यंदा पाण्याला जोर आला तशी दोन तरुण पोरं मोटारसायकलवरून आली. त्यांच्याकडंही कॅमेरे होते.

"काका, इकडं कातळावर बेडूक दिसतात म्हणे?"

"आमी तर पाहिले न्हाई," मामा म्हणाले. "पल्याडच्या नाल्याला पाहा."

पोरं गेली. मी विचारलं, "खोटं काहून सांगितलं, मामा?"

"त्या बाईनंच पाठवले असतील," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आपुन बोलतो का, ते पाहायला."

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडं विरेपर्यंत ते बांधावरून हलले नाहीत.