उतू गेलेलं दूध

आज सकाळी जिन्यात करपलेल्या दुधाचा वास भरून राहिला होता. आपल्याच घरातून येतोय म्हणून मी ओशाळून दार लोटायला गेले, तर समोरच्या जोशीकाकू काळं पडलेलं पातेलं घेऊन दारात उभ्या. खालच्या मजल्यावरही कुणीतरी खसाखसा भांडं घासत होतं.

"तुमचंही?" काकूंनी विचारलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

रेडिओवरच्या सकाळच्या ताई परवा गेल्या. वर्षानुवर्षं दोन गाण्यांच्या मधे त्या हमखास म्हणायच्या, "गाणं कुठे पळून जात नाही, आधी गॅसवरचं दूध बघा!" आणि आमची अख्खी इमारत ओट्याकडे धावायची. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आमच्या पातेल्यांवर त्यांचं रोज लक्ष असायचं. आज एका नव्या मुलीनं गाणी लावली. छान लावली हो, पण दुधाचं काही ती बोलली नाही आणि आम्ही सगळे सवयीनं वाट बघत बसलो.

ताईंचा फोटो कुणाकडेच नाही, त्यामुळे हार घालायचा तरी कशाला? जिन्यातला तो खरपूस वास हीच आमची श्रद्धांजली.

काकू पातेलं खरवडता खरवडता थांबल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "अगं, नव्या घरात राहायला गेलं की आपण मुद्दाम दूध उतू जाऊ देतोच ना? ताई नव्या घरी गेल्यात."