हमीदाबाईंचं मोजमाप

बालवाडीतलं एखादं पोर डब्याच्या घट्ट झाकणाशी झटत असलं, की हमीदाबाई आपले दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. मी झाकण उघडून द्यायला पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "बस गो. हात मोकळे राहिले की मदतीला धावतात. म्हणून मी त्यांच्यावर बसते."

१९९८ सालचा मार्च होता. बालविकासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या त्या बालवाडीत आले होते. शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांची रोजच्या व्यवहारातली सर्जनशीलता मोजायची, असा माझा भारदस्त विषय. पिशवीत छापील चाचणी आणि गुणांचे तक्ते. बाई राजिवड्याहून एसटीने यायच्या. पन्नाशी उलटलेली, नवरा बोटीवर, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा आणि आवाज अंगणाच्या टोकापर्यंत जाणारा.

माझ्या चाचणीत मुलाला रिकामा डबा दाखवून विचारायचं, याचं काय काय करता येईल? जितकी वेगळी उत्तरं, तितके गुण. मंगल नावाची साडेपाच वर्षांची मुलगी डब्याकडे बघत गप्प बसून राहिली. मी शून्य लिहिलं. न्यायला आलेल्या तिच्या आईने चौकशी केली, तेव्हा तो तक्ता मी तिला दाखवलाही.

दुसऱ्या दिवशी मंगलचे वडील आले. जवळच्याच एका कारखान्यात कामाला होते. "जूनमध्ये हिला पहिलीत घालत नाही," ते बाईंना म्हणाले. "मॅडमनी शून्य दिलंय. राहू दे घरी, धाकट्याला सांभाळील."

"आठ दिवस थांबा," बाई म्हणाल्या. "मग काय ते ठरवा."

ते गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. बाई रागावल्या नाहीत. "तू डब्याबद्दल विचारलंस. तिला डब्यात काय रस? आता आठ दिवस काही विचारू नको. नुसतं बघ."

पाचव्या दिवशी सकाळी पायरीवरच्या मुलांच्या चपला नाहीशा झाल्या. पाण्याच्या टाकीच्या भिंतीलगत, भर उन्हात, त्या ओळीने मांडलेल्या सापडल्या. चपला मंगलनेच नेल्या होत्या. मदतनीस तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात बाईंनी तिला अडवलं. "थांब. तिनं काही मनात धरून केलान असेल. सुटायची वेळ होऊ दे."

एक वाजता मुलं बाहेर आली. पायरीचा जांभा दगड तापून तव्यासारखा झाला होता. ऊन फिरलं होतं आणि टाकीच्या भिंतीची हातभर सावली नेमकी चपलांवर पडली होती. बाईंनी मंगलला जवळ घेऊन विचारलं, "हे कसं गो सुचलं?"

"काल बारकीचा पाय भाजला," मंगल वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीकडे बोट दाखवत म्हणाली. चपला तापल्या होत्या, एवढंच तिचं स्पष्टीकरण. सावली कुठे सरकते हे तिने आधीच कधीतरी बघून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने परत सगळ्या चपला हलवल्या.

त्या संध्याकाळी बाई मला मंगलच्या घरी घेऊन गेल्या. वाटेत म्हणाल्या, "बोलायचं तू. मी नाही." मला जड गेलं, पण मी मंगलच्या वडिलांना सांगितलं, "चूक माझी झाली. ते शून्य माझ्या चाचणीचं होतं, मंगलचं नव्हतं." मग चपलांची हकिगत सांगितली. त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "मला हे काहीच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. जूनमध्ये मंगल पहिलीत बसली.

बाईंचं मोजमाप तीन प्रश्नांचं होतं. कुणी न सांगता केलं का? कुणाच्या उपयोगी पडलं का? दुसऱ्या दिवशी परत केलं का? मी ते प्रबंधात घातलं, तर माझे मार्गदर्शक म्हणाले, "हे मोजमाप कसलं? हे तुमचं मत झालं." मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही येऊन बघा." ते खरोखरच आले. दोन दिवस सतरंजीवर बसून त्यांनी आणि बाईंनी त्याच मुलांच्या नोंदी एकमेकांना न दाखवता केल्या. ताडून पाहिल्या तर बहुतेक जुळल्या. सर चकित झाले, बाई मुळीच नाही. "जुळणारच," त्या म्हणाल्या. "दोघांनी बघितलं म्हटल्यावर."

पुढे मी अंगणवाडी सेविकांना शिकवू लागले आणि हेच तीन प्रश्न त्यांना देत आले.

बाईंना मी शेवटचं भेटले ते २००७ साली, राजिवड्याच्या घरी. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. माझा चार वर्षांचा मुलगा बरोबर होता.

"काय करतोय तो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नुसता बसलाय."

"असं कसं? नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. तो पाण्यात बोट बुडवून फरशीवर रेघ काढत होता आणि ती वाळेपर्यंत हलत नव्हता. वाळली की दुसरी, आधीपेक्षा जाड. मी एकेक रेघ बाईंना सांगत गेले. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"कशासाठी करतोय?"

"अजून कळत नाही, बाई."

"मग थांबू या," त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी थांबलो.